आत जाताना एक, बाहेर येताना दोन

१

रविवारी सकाळी साडेसातला बाबा दोन धनुष्यं खांद्याला आणि बाणांचा डबा बगलेत घेऊन निघत. मागे मी आणि माझ्यामागे ठोंब्या. ठोंब्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. हे नाव बाबांनीच ठेवलेलं, कारण नेम धरायला सांगितला की तो नुसता उभा राही. गल्लीतले लोक खिडकीतून बघून हसत. आईही हसायची. म्हणायची, यांच्याच्याने घरातला उंदीर मारवत नाही, पिंजऱ्यातून मैदानात नेऊन सोडतात, आणि म्हणे शिकारीचे बाण. बाबा टाचा दुमडलेले कॅनव्हासचे बूट सपातांसारखे फटाक फटाक वाजवत पुढे चालत राहत.

बाबा दोरखान्यात फिटर होते. दोर वळायला लांबच लांब जागा लागते, त्यामुळे तिथली शेड रुंदीला आमच्या बैठकीएवढी आणि लांबीला दीडशे पावलं होती. नायलॉन आल्यावर आधी रविवारची पाळी बंद झाली, मग हळूहळू सगळंच. शेड तशीच राहिली. रखवालदार बाबांचा दोस्त, तो किल्ली द्यायचा आणि स्वतः बाहेर पेपर वाचत बसायचा.

बाणांची टोकं दगडाची असत आणि बाबा ती स्वतः घडवत. मांडीवर चामड्याचा तुकडा, त्यावर चकमकीचा दगड, हातात लाकडी मुठीत बसवलेला तांब्याचा खिळा. खिळा दगडाच्या कडेवर दाबायचा आणि कपची उडवायची. शंभर कपच्या उडाल्या की एक टोक. ते राळेने आणि दोऱ्याने काडीला बांधायचं. एवढं करून त्यांनी आयुष्यात एक पाखरू मारलं नाही. पण सरावाला बोथट बाण चालायचे नाहीत. बोथट बाणाने हाताला खोटं बोलायची सवय लागते, असं ते म्हणत.

शेडच्या टोकाला काथ्याने ठासून भरलेली पोती, त्यामागे छातीएवढा वाळूचा ढीग आणि त्यामागे पत्र्याची भिंत. ढीग आणि पत्रा यांच्यामध्ये एक माणूस जेमतेम वाकून बसेल एवढी बोळकंडी. बाण पोत्यांवरून गेला की पत्र्यावर आपटे, दगडाचं टोक फुटे आणि तुकडे बोळकंडीतल्या वाळूत पडत. मग बाबा ते शोधायला जात. शेडच्या बाहेरून वळसा घालून, मागच्या ठेंगण्या दारातून आत. ढिगामुळे ते आम्हाला दिसत नसत. म्हणून नियम होता. आत जाताना पत्र्यावर एक ठोका, बाहेर आल्यावर दोन. एक ऐकला की बाण खाली. दोन ऐकले की पुन्हा सुरू, कारण बाबांना परत चालत यायला वेळ लागे आणि सकाळचं ऊन फुकट घालवणं त्यांना खपत नसे.

आमच्या लहानपणातलं मला सगळ्यात आवडलेलं काही असेल तर ती मधली वेळ. एक ठोका झालेला, दोन व्हायचे आहेत. शेडमध्ये काथ्याचा आणि मशीनच्या तेलाचा वास, पत्र्याच्या खिळ्यांच्या भोकांतून आलेल्या उन्हाच्या काड्या आणि ढिगापलीकडे न दिसणारे बाबा. ते तिथे आहेत हे पक्कं माहीत असायचं.

२

मी चौदा वर्षांची असताना एका रविवारी ठोंब्याचे तीनही बाण पोत्यात लागले आणि बाबांनी त्याची पाठ थोपटली. माझा एक बाण वरून जाऊन फुटला होता. बाबा तुकडे शोधायला गेले. टक्. एक ठोका मी स्वच्छ ऐकला. पण डोक्यात राख घातलेली. ठोंब्या माझ्याकडे बघून दात काढत होता. मी दोन ठोक्यांची वाट न बघता दोरी खेचली आणि सोडली.

बाण पुन्हा वरून गेला. पत्र्यावर आपटल्याचा आवाज झाला आणि मग काहीच नाही. ठोंब्याचा चेहरा पांढरा पडला. 

खूप वेळाने दोन ठोके आले. मग बूट फटाक फटाक करत बाबा पुढच्या दाराने आले. डाव्या हाताला, अंगठा आणि बोटाच्या बेचक्यात, रुमाल गुंडाळलेला आणि रुमाल लाल झालेला. माझ्याकडे बघून म्हणाले, "एक कपची सापडली बरं का. शोधावी नाही लागली."

घरी त्यांनी आईला सांगितलं, ग्राइंडरवर लागलं. मी खाली मान घालून जेवले. त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही, मीही नाही, आणि ठोंब्याने तर आयुष्यात पहिल्यांदाच तोंड बंद ठेवलं.

बाबांना लागलेल्या त्या बाणाचं टोक मधाच्या रंगाच्या दगडाचं होतं. बाबांना एक खुळा नाद होता. एका गोट्यातून उडालेल्या सगळ्या कपच्या जपायच्या आणि पुन्हा जोडून तो गोटा होता तसा उभा करायचा. मधाच्या रंगाचा गोटा त्यांनी वर्षभर बसून जोडला. त्यातून निघालेल्या त्या एकाच टोकाचे तीन तुकडे झाले होते. दोन सापडले, एक नाही. गोट्याच्या अंगावर अंगठ्याच्या नखाएवढा खड्डा राहिला. आईने तो गोटा रेडिओवर ठेवला आणि रोज फडक्याने पुसायला लागली. बाबा दर रविवारी बोळकंडीत गेले की तो तिसरा तुकडाही शोधत. वाळू तळहाताच्या कडेने पट्ट्यापट्ट्याने सपाट करत जायचे, इस्त्री केल्यासारखी, म्हणजे बघून झालेली जागा कळते. शेवटपर्यंत तो मिळाला नाही.

३

बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. दवाखान्यात, दुपारी, आम्ही सगळे जवळ असताना. त्यात गूढ काही नव्हतं. वय झालं होतं आणि छातीने साथ सोडली.

वर्ष झाल्यावर ठोंब्या एकदा म्हणाला, ताई, रविवारी जाऊ या का? तो आता गाडी चालवायला शिकवतो, दिवसभर दुसऱ्याच्या पायाखाली ब्रेक आहे या भरवशावर जगतो. मी दातांच्या कवळ्या बनवते. दोघांची पन्नाशी जवळ आलेली, दोघांचे खांदे दुखणारे. तरी गेलो. किल्ली द्यायला आता जुन्या रखवालदाराचा मुलगा होता. पोती जागेवर होती. ठोंब्या बाण सोडायच्या जागी उभा राहिला आणि नुसता उभा राहिला. मी म्हटलं, सोड रे बाबा, आता थोपटायला कुणी नाही. त्यावर दोघंही एवढे हसलो की डोळे पुसावे लागले.

तिसऱ्या रविवारी माझा बाण पोत्यांवरून गेला आणि टोक फुटलं. तुकडे आणायला कोणी जायचं यावरून आमची हुज्जत चालली होती. खांदा, गुडघा, वय, सगळं काढून झालं. तेवढ्यात समोरून आवाज आला.

टक्.

ठोंब्या म्हणाला, ऊन चढलं, पत्रा तापला. खरंच होतं ते. पत्रा तापला की वाजतो, थंड झाला की वाजतो. मी मान हलवली. पण आम्ही दोघांनीही बाण खाली केले होते आणि ते दोघांच्याही लगेच लक्षात आलं.

मग मी वळसा घालून मागे गेले. बोळकंडीत एकही तुकडा नव्हता. वाळू मात्र सपाट होती. बहुतेक रखवालदाराच्या पोराने साफसफाई केली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पुढे त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, मावशी, मी त्या बाजूला जातच नाही, तिकडे विंचू असतात.

४

पुढे तो आमचा खेळच झाला. कुणाचा बाण वरून गेला की आम्ही थांबायचो. कधी लगेच, कधी दोन मिनिटांनी, पण ठोका यायचाच. ठोंब्या म्हणायचा, "गेले बाबा आत." मग आम्ही थोडा वेळ इकडच्या तिकडच्या गप्पा मारायचो. बाबा दोरीला मेण कसं लावत, थंडीत हात चोळून आमचे कान कसे गरम करत, आईच्या मैत्रिणीच्या अंबाड्याला एकदा त्यांचा बाण कसा चाटून गेला. पुरेसा वेळ झाला असं वाटलं की पुन्हा नेम धरायचो. खरं सांगते, वर्षभर मला आठवड्यातला एवढाच वेळ बरा वाटायचा. कधीकधी मी मुद्दाम वर नेम धरायची. कवळ्या घासता घासता हसू यायचं. हाताखालची मुलगी विचारायची, मॅडम, काय झालं, आणि मी म्हणायची, काही नाही, घरची आठवण आली.

तुकडे कधीच सापडले नाहीत. ठोंब्याने एकदा मोबाइलची बॅटरी लावून बोळकंडी पालथी घातली. परत येऊन त्याने गुडघ्यांची वाळू झटकली. खोदून विचारल्यावर म्हणाला, वाळू मागच्या वेळेपेक्षा पुढपर्यंत सपाट झाली आहे. मी म्हटलं, मांजर लोळत असेल. तो म्हणाला, असेल.

५

माझ्या लक्षात आलं ते मंगळवारी, कामावर. एका आजोबांची कवळी घासायला घेतली होती. यंत्र बंद केलं, कवळी टेबलावर ठेवली, ती दोनदा टकटकली. 

दोन ठोके कधी आलेच नव्हते.

वर्षभरात वीस-पंचवीस वेळा आम्ही तो आवाज ऐकला होता. दर वेळी एक. आत गेल्याचा. आम्ही गप्पा मारायचो, आमच्या मनानेच पुरे झालं असं ठरवायचो आणि बाण सोडायचो. माझे कितीतरी बाण वरून गेले होते. काही तर मी मुद्दाम घातले होते.

मी स्वतःची समजूत काढायला कमी केलं नाही. पत्रा आहे, तापतो, वाजतो. दोनदाच वाजायला त्याला कुणी नियम शिकवला आहे? असाही विचार केला की मी एक शिकलेली बाई आहे, अठ्ठेचाळीस वर्षांची, आणि बाबांना मी स्वतः निरोप दिला आहे. सगळं पटत होतं. पण कवळी टेबलावरच राहिली. ठोंब्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, हे मला आधीच कळलं होतं. तुला बरं वाटायचं म्हणून बोललो नाही."

त्याच आठवड्यात रखवालदाराच्या पोराने निरोप दिला. जागा विकली गेली होती. सोमवारी सकाळी यंत्र येणार आणि शेड पाडणार. काही सामान असेल तर रविवारपर्यंत न्या.

रात्री आईला सांगितलं तेव्हा ती गोटा पुसत होती. बरं, एवढंच म्हणाली.

मला एकच विचार सुचत होता आणि तो कुणाला सांगायची सोय नव्हती. भिंत पडायच्या आत मला दोन ठोके ऐकायचे होते. पत्रा आहे, पत्रा आहे, असं मी म्हणत होते, पण सोमवारी बाबा आत असताना पत्रा खाली आला तर पुढे मी जगायचं कसं, हेही त्याच तोंडाने म्हणत होते.

६

रविवारी ऊन लख्ख होतं. ठरवलं की प्रत्येकी तीन बाण आणि मग धनुष्यं उतरवायची. वर कुणी नेम धरायचा नाही. मी माझे तीन पोत्यात घातले. ठोंब्याचे दोन पोत्यात लागले. ठोका आला नाही. ना एक, ना दोन. तिसरा बाण त्याने हातात घेतला तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कुणा शिकाऊ बाईने गाडी नाल्यात घातली होती. तो बोलत बोलत बाहेर गेला.

मी माझ्या धनुष्याची दोरी उतरवली. संपलं, असं वाटलं. आणि मग न राहवून बाहेर पडले, वळसा घातला आणि ठेंगण्या दारातून वाकून बोळकंडीत शिरले. ठोका दिला नाही. आता बाण कोण सोडणार आहे, असं वाटलं. पस्तीस-चाळीस वर्षांचा नियम मी त्या एका दिवशी विसरले.

आत काथ्याचा वास होता, आणि तेलाचा. वाळू दारापासून पलीकडच्या टोकापर्यंत सपाट केलेली. पट्टा, पट्टा, पट्टा. फक्त शेवटची हातभर जागा राहिली होती. मी गुडघे टेकून रांगत तिथवर गेले आणि तळहाताच्या कडेने वाळू सारू लागले. एका हाताने पट्टा, दुसऱ्याने चाचपणं, त्यांच्यासारखं. हळू आवाजात बोललेही. म्हटलं, बाबा, पुरे झालं. राहू दे तो खड्डा. तेव्हा मी बाण सोडला, माझं चुकलं. कधी बोलले नाही मी, आज बोलते. उद्या भिंत पाडणार आहेत. चला बाहेर.

माझ्यामागे वाळू करकरली.

ठेंगण्या दारातून येणारा उजेड क्षणभर गेला. मी मान वळवली. तशा अवघडलेल्या बसणीत पूर्ण वळता येईना. दिसलं एवढंच, की दारातून एक पाऊल बाहेर पडतंय. कॅनव्हासचा बूट, टाच दुमडलेली, दुमडीत वाळू.

मग उजेड परत आला आणि बाहेरून पत्रा वाजला. सावकाश, स्वच्छ.

टक्. टक्.

मला रडू फुटलं. वाळूने भरलेल्या हातांनी मी तोंड दाबून धरलं. एवढं हलकं मला बाबा गेल्यापासून वाटलं नव्हतं. आणि त्याच वेळी ढिगापलीकडून दुसरा एक आवाज आला, जो मी हजार वेळा ऐकला होता. दोरी ताणताना धनुष्य जरासं कुरकुरतं, तो.

ठोंब्या परत आला होता. त्याच्या हातात एक बाण उरला होता. त्याने दोन ठोके ऐकले होते.

ओरडायला वेळ नव्हता. मी पत्र्यावर ठोका द्यायला डावा हात वर केला.

७

पुढचं फारसं सांगण्यासारखं नाही. बाण पोत्याला चाटून वर उसळला आणि पत्र्यावर फुटला. मी बाहेर आले तेव्हा हातावर दाबलेला ओढणीचा बोळा लाल झाला होता. ठोंब्या धावत आला आणि माझा हात बघून मटकन खाली बसला.  शेवटी म्हणाला, "ताई, दोनदा वाजलं. मी नीट ऐकलं. दोनदा वाजलं होतं ना?"

एवढा मोठा माणूस, पण चेहरा त्या दिवशीचा होता. दोनदा वाजवणारी मी नव्हते हे मी त्याला सांगू शकले असते. मग जन्मभर तो त्या बाणाबरोबर जगला असता, जशी मी माझ्या बाणाबरोबर जगले.

"दोनदाच," मी म्हटलं. "मीच वाजवलं. बाहेर आले आणि चष्मा राहिला म्हणून परत आत गेले. चूक माझी."

त्याने विश्वास ठेवला. चष्मा माझ्या नाकावर होता, ते त्याला दिसलं नाही.

डॉक्टरांनी अंगठ्याच्या बेचक्यात तीन टाके घातले. त्याआधी चिमट्याने एक कपची काढून वाटीत टाकली आणि विचारलं, हे काय? त्या दिवशीचे आमचे सगळे बाण काळ्या दगडाचे होते. वाटीतली कपची मधाच्या रंगाची होती. मी वाळू चाचपत होते, हाताला चिकटून आली असेल आणि बाणाच्या फटक्याने आत गेली असेल. असं होऊ शकतं. डॉक्टरांना विचारलं तर तेही म्हणाले, होऊ शकतं.

घरी आले तेव्हा आई खिडकीशी बसली होती. पट्टीकडे बघून म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, काल कामावर ग्राइंडरवर लागलं, आज टाके घालून घेतले.

आईने चष्मा पुसला. "तुझे बाबाही हेच म्हणाले होते. तेव्हा कारखान्यातला ग्राइंडर महिनाभर बंद होता. मला रोज सांगायचे, अजून दुरुस्त होत नाही म्हणून."

मी पिशवीतून कागदाची पुडी काढली, रेडिओवरचा गोटा तिच्या मांडीवर ठेवला आणि कपची खड्ड्यावर टेकवली. जोर लावावा लागला नाही. बसल्याचा अगदी बारीक आवाज झाला.

आईने त्या जागेवरून अंगठा फिरवला. इतकी वर्षं फडकं तिथे अडकायचं, आता अडकलं नसतं. तिने गोटा पदराने पुसला आणि पुन्हा रेडिओवर ठेवला.

"आले एकदाचे बाहेर," ती म्हणाली. "किती वाकून बसले होते. पाठ धरली असेल."